विश्रांत मेंदू आणि रक्ताची साक्ष

कोलकाता शहराच्या ईशान्येस, सॉल्ट लेकच्या पलीकडे, एके काळी भातशेते आणि मासळीची तळी असलेल्या राजारहाट परिसरात न्यू टाउन हे आखीव नगर वसले आहे. त्याच्या मुख्य रस्त्याला नगररचनाकारांनी मेजर आर्टेरियल रोड, म्हणजे मुख्य रोहिणीमार्ग, असे नाव दिले. या रस्त्यावर २०११ साली टाटा मेडिकल सेंटर हे कर्करोगाचे रुग्णालय सुरू झाले. मुंबईत परळ येथे १९४१ साली स्थापन झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. पूर्व भारतातील असंख्य रुग्णांना उपचारांसाठी तेथवर जावे लागे. त्यांना आपल्या प्रदेशातच उपचार मिळावेत हा या नव्या रुग्णालयाच्या स्थापनेमागील एक हेतू होता.

अशा एखाद्या रुग्णालयात एक रुग्ण आली आहे, अशी आपण कल्पना करू. ती मध्यम वयाची शाळाशिक्षिका आहे. तिच्या मेंदूच्या डाव्या भागात, कपाळाच्या मागच्या बाजूस गाठ आढळली आहे. बहुसंख्य माणसांत बोलण्याच्या क्रियेचे नियंत्रण करणारा भाग याच परिसरात असतो. शस्त्रवैद्यापुढे दोन उद्दिष्टे आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध खेचणारी आहेत. गाठ जितकी अधिक काढावी तितके आयुष्य वाढण्याची आशा अधिक; परंतु सुरी एखादा सेंटीमीटर पुढे गेली तर रुग्णाची वाचा जाण्याचा धोका. वाचेचे स्थान नेमके कोठे आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वी कळले पाहिजे.

त्यासाठी रुग्णाला एमआरआय यंत्रात निजवून शब्द उच्चारावयास किंवा बोटे हलवावयास सांगतात आणि त्या वेळी मेंदूचा कोणता भाग जागृत होतो ते पाहतात. पण गाठीमुळे ज्याला सूचना समजत नाहीत, ज्याचा हात लुळा पडला आहे, जो लहान मूल आहे, अथवा ज्याची भाषा तेथील कोणालाच येत नाही, अशा रुग्णाचे काय करावयाचे? त्याच्याकडून कोणतेही काम करून घ्यावयाचे नाही, त्याला फक्त दहा मिनिटे स्वस्थ पडून राहू द्यावयाचे, असा एक उपाय उपलब्ध आहे. विश्रांत अवस्थेतील मेंदूच्या या चित्रणातून हालचालीचे, भाषेचे, दृष्टीचे प्रदेश वेगळे ओळखता येतात.

ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. काहीच न करणाऱ्या मेंदूतून त्याच्या कामाचा नकाशा कसा मिळावा? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की यंत्र जे मोजते ते मेंदूचे कार्य आहे, की त्यातून वाहणारे रक्त? या प्रकरणात आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत. त्याच्या उत्तरावर केवळ एक शास्त्रीय वाद अवलंबून नाही. शिक्षिकेची वाचाही अवलंबून आहे.

कधीही न थांबणारा खर्च

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. पण विश्रांतीच्या काळात शरीर जितका प्राणवायू वापरते त्यापैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. दर मिनिटास पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्यातून वाहते. हा पुरवठा दहा सेकंद जरी खंडित झाला तरी माणसाची शुद्ध हरपते.

कठीण काम करताना हा खर्च पुष्कळ वाढत असेल, अशी आपली सहज समजूत असते. अमेरिकेतील सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४० नंतरच्या दशकात संपूर्ण मेंदूचा रक्तप्रवाह आणि प्राणवायूचा वापर मोजण्याची पद्धत शोधून काढली. तिच्या साहाय्याने लुई सोकोलोफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली मनातल्या मनात गणिते सोडविणाऱ्या व्यक्तींची तपासणी केली. गणिते करताना संपूर्ण मेंदूचा प्राणवायूचा वापर वाढल्याचे आढळले नाही. पुढे मेंदूच्या लहान लहान भागांतील मोजमापे शक्य झाली, तेव्हा एखाद्या विशिष्ट कामामुळे त्या भागाच्या ऊर्जाखर्चात होणारी वाढ बहुधा पाच टक्क्यांहूनही कमी असते असे दिसून आले.

याचा अर्थ असा, की आपण ज्याला मेंदूची विश्रांती म्हणतो ती फक्त बाहेरून दिसणारी विश्रांती होय. आत काम अखंड चालू असते. मज्जापेशी एकमेकींना संदेश पाठवीत असतात. प्रत्येक संदेशाच्या वेळी सोडियमचे आयन पेशीत शिरतात आणि पोटॅशियमचे बाहेर पडतात. त्यांना पुन्हा आपापल्या जागी नेऊन ठेवण्यासाठी पेशीच्या आवरणातील पंपांना सतत राबावे लागते. मेंदूच्या ऊर्जेचा मोठा वाटा या पंपांवर खर्च होतो. ज्या घरात पाहुणे आलेले नाहीत त्या घरातही चूल पेटतेच. पाहुण्यांमुळे खर्चात पडणारी भर त्या मानाने थोडी असते.

रक्त आणि चुंबक

मेंदूच्या एखाद्या भागाचे कार्य वाढले की त्याचा रक्तपुरवठा वाढतो, ही कल्पना जुनी आहे. इटलीतील आंजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कवटीला छिद्र पडलेल्या एका शेतकऱ्याचे निरीक्षण केले. प्रार्थनेच्या वेळेची घंटा ऐकून त्याचे मन विचलित झाले तेव्हा त्याच्या मेंदूचे स्पंदन वाढले. त्याच्या हाताच्या नाडीत मात्र तसा फरक पडला नाही. १८९० साली केंब्रिज येथे चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांवरून असे मत मांडले, की मेंदू आपल्या गरजेनुसार स्थानिक रक्तपुरवठ्याचे नियमन स्वतःच करतो.

आता यात चुंबकाचा संबंध कसा येतो ते पाहू. रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीमोग्लोबिनमध्ये लोह असते. मायकेल फॅरेडे यांनी १८४५ साली वाळलेले रक्त चुंबकाजवळ धरून पाहिले होते. ताज्या रक्तावरही हा प्रयोग करावा अशी नोंद त्यांनी केली. परंतु तो राहून गेला. १९३६ साली अमेरिकेत लायनस पाउलिंग आणि चार्ल्स कॉरियेल यांनी ते काम पूर्ण केले. प्राणवायू धारण करणारे हीमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जात नाही. किंबहुना अत्यंत क्षीणपणे दूर लोटले जाते. तेच हीमोग्लोबिन प्राणवायू देऊन मोकळे झाले की चुंबकाकडे ओढले जाते. एकाच द्रव्याच्या या दोन परस्परविरुद्ध स्वभावांवर पुढील सर्व तंत्र उभारलेले आहे.

एमआरआय यंत्र मूलतः शरीरातील पाण्याचे चित्र घेते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात पाण्याच्या रेणूंतील हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओलहरीचा धक्का मिळताच कवायतीतील सैनिकांप्रमाणे एका तालात फिरू लागतात आणि त्यांच्यापासून संकेत मिळतो. हळूहळू त्यांचा ताल सुटतो आणि संकेत क्षीण होतो. जवळपास प्राणवायूविरहित हीमोग्लोबिन असेल, तर ते चुंबकीय क्षेत्रात बारीक बारीक विकृती निर्माण करते आणि हा ताल अधिक लवकर सुटतो. त्यामुळे त्या जागी संकेत मंद पडतो. १९९० साली न्यू जर्सीमधील बेल प्रयोगशाळेत सेजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूच्या चित्रांत नीला काळ्या रेषांसारख्या उमटलेल्या पाहिल्या. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलले की या रेषा गडद होत किंवा पुसट होत. या संकेताला त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘बोल्ड’ संकेत म्हणतात. १९९२ साली अमेरिकेतील निरनिराळ्या प्रयोगशाळांनी माणसाच्या मेंदूत त्याचा यशस्वी वापर केला.

येथे वाचकांच्या मनात एक शंका यावी. मेंदूचा भाग काम करू लागला की तो अधिक प्राणवायू वापरेल, म्हणजे प्राणवायूविरहित हीमोग्लोबिन वाढेल आणि संकेत मंद झाला पाहिजे. प्रत्यक्षात तो वाढतो. याचे कारण १९८६ साली पीटर फॉक्स आणि मार्कस रेकल यांच्या मोजमापांतून स्पष्ट झाले होते. हाताच्या बोटांना स्पर्शसंवेदना दिली असता मेंदूच्या संबंधित भागातील रक्तप्रवाह सुमारे २९ टक्क्यांनी वाढला. प्राणवायूचा वापर मात्र सुमारे ५ टक्क्यांनीच वाढला. मागणीपेक्षा पुरवठा कितीतरी जास्त झाला. ताज्या रक्ताच्या या लोंढ्यात प्राणवायूविरहित हीमोग्लोबिन वाहून जाते आणि चित्रातील तो भाग किंचित उजळतो. यंत्र जे नोंदविते ते हे उजळणे होय.

मज्जापेशी रक्ताला कसे बोलावतात

रक्ताचा हा लोंढा येतो कसा? पूर्वी असे मानीत, की प्राणवायूची टंचाई झाली अथवा टाकाऊ द्रव्ये साचली म्हणजे रक्तवाहिन्या रुंदावतात. आज असे दिसते, की टंचाई होण्याची वाट फारशी पाहिली जात नाही. काम सुरू होताच मागणी नोंदविली जाते.

दोन मज्जापेशींच्या संधिस्थानी ग्लुटामेट हे द्रव्य स्रवते. ते पुढील पेशीस उत्तेजित करते आणि त्या पेशीत कॅल्शियम शिरते. त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन यांसारखी द्रव्ये तयार होतात. त्यांच्या प्रभावाने सूक्ष्म रोहिणिकांच्या भिंतींतील स्नायू सैल पडतात आणि रोहिणिका रुंद होते. मज्जापेशी आणि रक्तवाहिन्या यांच्यामध्ये तारकापेशी नावाच्या पेशी असतात. त्यांची एक बाजू संधिस्थानांना वेढून असते, तर दुसरी रक्तवाहिनीला बिलगलेली असते. त्यामुळे निरोप पोहोचविण्यात त्यांचाही वाटा असतो. केशवाहिन्यांभोवतीच्या आकुंचनक्षम पेशी आणि वाहिन्यांच्या आतील अस्तर हेही या साखळीचे दुवे आहेत.

या साखळीला वेळ लागतो. मज्जापेशीचा संदेश सेकंदाच्या हजाराव्या भागात घडून जातो. रक्ताचा लोंढा सुमारे पाच ते सहा सेकंदांनी शिखरास पोहोचतो आणि त्यानंतर सावकाश ओसरतो. म्हणून बोल्ड संकेत ही मज्जापेशींच्या कार्याची उशिरा पोहोचणारी आणि कडा पुसट झालेली छाया आहे. सेकंदात अनेकदा होणारी घडामोड तीत सपाट होऊन जाते. मंद चढउतार तेवढे शिल्लक राहतात.

ही छाया मज्जापेशींच्या नेमक्या कोणत्या कार्याची? जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे निकोस लोगोथेटिस यांच्या गटाने माकडाच्या मेंदूत सूक्ष्म विद्युत्‌अग्रे ठेवून त्याच वेळी एमआरआय चित्रे घेतली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामावरून असे दिसले, की एखाद्या भागातील पेशी बाहेर जे संदेश पाठवितात त्यांच्यापेक्षा, त्या भागात येणारे संदेश आणि त्यांच्यावर तेथे होणारी प्रक्रिया यांच्याशी बोल्ड संकेत अधिक जुळतो. कार्यालयाचीच उपमा द्यावयाची तर, बाहेर गेलेल्या पत्रांपेक्षा आत आलेला टपाल आणि त्यावर चाललेली चर्चा यांचा अंदाज हा संकेत अधिक चांगला देतो.

मिलवॉकी येथील आढळ

विश्रांत अवस्थेच्या अभ्यासाचा आरंभ एका भारतीय वंशाच्या संशोधकाच्या हातून झाला, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदविली पाहिजे. भरत बिस्वाल हे त्या वेळी अमेरिकेतील मिलवॉकी येथे विस्कॉन्सिन वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करणारे विद्यार्थी होते. एमआरआय संकेतातील निरर्थक खळखळ कमी कशी करावी हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. काहीही काम करीत नसलेल्या माणसाच्या मेंदूतही संकेत सतत किंचित वर-खाली होत राहतो. सर्वांनी टाकाऊ मानलेल्या या चढउतारांकडे त्यांनी बारकाईने पाहिले.

त्यांनी प्रथम बोटांची हालचाल करावयास सांगून मेंदूतील हालचालीचा प्रदेश निश्चित केला. नंतर त्या व्यक्तींना स्वस्थ पडून राहू दिले आणि त्या प्रदेशातील एका बिंदूचे चढउतार इतर सर्व बिंदूंशी ताडून पाहिले. डाव्या बाजूच्या बिंदूशी ताल जुळणारे बिंदू विखुरलेले नव्हते. ते बहुतेक हालचालीच्या प्रदेशातच होते आणि त्यांपैकी कित्येक मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात होते. हात हलत नव्हते, तरीही दोन्ही हातांचे नियंत्रक प्रदेश एकत्र उजळत होते आणि एकत्र मंदावत होते. हे चढउतार अतिशय मंद होते. त्यांच्या एका लाटेस दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ लागे. हा निबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला. बिस्वाल यांच्याबरोबर त्याचे लेखक जेम्स हाइड, व्हिक्टर हॉटन आणि झेरिन येतकिन हे होते.

प्रारंभी अनेकांनी याकडे संशयाने पाहिले. पुढे मात्र दृष्टीचे, श्रवणाचे आणि भाषेचे प्रदेशही विश्रांत अवस्थेत आपापसांत असाच ताल राखतात असे आढळले. रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली असे मांडले, की मेंदूचे काही भाग माणूस बाहेरच्या कामात गुंतला म्हणजे मंदावतात आणि तो स्वतःच्या विचारात असला म्हणजे अधिक कार्यरत असतात. २००३ साली मायकेल ग्रायशियस आणि सहकाऱ्यांनी हे भागही विश्रांत अवस्थेत एका जाळ्याप्रमाणे जोडलेले असल्याचे दाखविले.

न्यू टाउनच्या त्याच रस्त्याचे उदाहरण घेऊ. रात्री एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवरून पाहणाऱ्याला दुकानांत काय चालले आहे ते दिसत नाही. फक्त मालाच्या गाड्यांचे दिवे दिसतात. दोन दूरच्या वस्त्यांकडे गाड्यांची वर्दळ महिनोन्महिने एकाच वेळी वाढते आणि एकाच वेळी ओसरते असे आढळले, तर त्या वस्त्यांच्या व्यवहाराचा काही संबंध असावा असे अनुमान तो करील. विश्रांत अवस्थेचे चित्रण हे अशाच प्रकारचे अनुमान आहे. पण गाड्या एकत्र धावण्याची इतर कारणेही असू शकतात आणि आता आपल्याला त्यांच्याकडे वळले पाहिजे.

शंका आणि त्यांची तपासणी

पहिली शंका श्वासाची. आपण कधी खोल, कधी उथळ श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मंदपणे बदलत राहते, आणि हा वायू मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावणारा एक प्रबळ घटक आहे. परिणामी मेंदूभर संकेताच्या मंद लाटा उठतात. २००६ साली रास्मुस बर्न आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या लाटांचा वेग आणि विश्रांत मेंदूच्या चढउतारांचा वेग जवळजवळ सारखाच असतो. हृदयाच्या ठोक्यांमुळेही अशीच भेसळ होते. डोक्याची किंचित हालचाल हे तिसरे कारण. मुले आणि वृद्ध माणसे अधिक हालतात. केवळ त्यामुळे त्यांच्या मेंदूतील संबंध वेगळे असल्याचा आभास निर्माण होतो, हे २०१२ साली तीन स्वतंत्र गटांनी सिद्ध केले. त्यापूर्वी प्रसिद्ध झालेल्या कित्येक निष्कर्षांचा त्यामुळे फेरविचार करावा लागला.

दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंती स्वतःच्या लयीने दर दहा सेकंदांस एकदा या सुमारास आकुंचन-प्रसरण पावतात. मग बिस्वाल यांना दिसलेला ताल मज्जापेशींचा नसून केवळ वाहिन्यांचाच असेल तर?

या शंकेस उत्तर देणारा पुरावा अनेक दिशांनी आला आहे. २००८ साली अमीर श्मुएल आणि डेव्हिड लिओपोल्ड यांनी माकडांच्या मेंदूतील दृष्टीच्या प्रदेशात, कोणतेही दृश्य समोर नसताना, मज्जापेशींचे विद्युत्‌कार्य आणि बोल्ड संकेत एकाच वेळी नोंदविले. विद्युत्‌कार्यातील मंद चढउतारांमागोमाग काही सेकंदांनी रक्ताचे चढउतार येत होते. त्याच वर्षी एका सहा वर्षांच्या मुलाचे उदाहरण प्रसिद्ध झाले. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने पूर्णपणे छेदला होता. शस्त्रक्रियेपूर्वी डाव्या-उजव्या बाजूंचा जो ताल जुळत होता, तो नंतर बहुतांशी नाहीसा झाला. रक्तवाहिन्यांना कोणी हात लावला नव्हता. तुटले होते ते मज्जातंतू. मात्र ज्यांच्यात हा पट्टा जन्मतःच नसतो अशा प्रौढांत दोन्ही बाजूंचा ताल टिकून असल्याचे २०११ साली आढळले. तेव्हा ताल राखण्यासाठी थेट तंतूच हवेत असे नाही. वाढत्या मेंदूला इतर मार्गही सापडतात, असे दिसते.

२०१७ साली उंदरांवरील प्रयोगांतून या दोन लयींचा संबंध अधिक स्पष्ट झाला. जागृत उंदराच्या मज्जापेशींना प्रकाशाच्या साहाय्याने मंद लयीत उत्तेजन दिले असता रोहिणिका त्या लयीशी ताल धरू लागल्या. वाहिन्यांची स्वतःची लय असते हे खरे; पण झोका देणाऱ्या हाताप्रमाणे मज्जापेशी तिला आपल्या लयीत खेचून घेऊ शकतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संशोधनाने मात्र सावधगिरीचा इशारा दिला. एका लहानशा जागेतील मज्जापेशींचे कार्य औषधाने बंद केले, तरीही तेथील रक्ताचे विश्रांत अवस्थेतील चढउतार पूर्णपणे थांबले नाहीत.

या सर्वांवरून निघणारा निष्कर्ष असा. विश्रांत अवस्थेतील संकेताचा पाया मज्जापेशींच्या कार्यात आहे, परंतु तो संपूर्ण संकेत मज्जापेशींचा नाही. त्यात श्वासाचा, हृदयाचा, हालचालीचा आणि वाहिन्यांच्या स्वतःच्या लयीचाही वाटा असतो. अनेक मिनिटांच्या नोंदींची सरासरी आणि भेसळ वगळण्याचे गणित यांच्या आधारेच त्यातून मेंदूचा नकाशा हाती येतो.

साक्षीदार मुका होतो तेव्हा

आता आपण त्या शिक्षिकेकडे परत येऊ. आतापर्यंतच्या विवेचनात आपण एक गोष्ट गृहीत धरली होती. मज्जापेशींनी हाक दिली की रक्तवाहिन्या ओ देतात, हे ते गृहीत. निरोगी मेंदूत ते बरेचसे खरे आहे. गाठीच्या परिसरात ते खरे असेलच असे नाही.

ग्लायोमा या प्रकारच्या गाठी आपल्यासाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करवून घेतात. या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि सदोष असतात. गरजेनुसार रुंद होण्याची त्यांची क्षमता कमी असते. गाठीच्या पेशी सभोवतालच्या निरोगी ऊतीत शिरतात आणि तारकापेशींची रक्तवाहिन्यांवरील पकड सोडवितात. त्यामुळे असे घडू शकते, की गाठीच्या कडेला मज्जापेशी जिवंत आहेत, बोलण्याचे काम करीत आहेत, पण त्यांच्या हाकेला वाहिन्या ओ देत नाहीत. रक्ताचा लोंढा येत नाही, म्हणून संकेत उजळत नाही. काम करावयास सांगून घेतलेल्या चित्रातही हे घडते आणि विश्रांत अवस्थेच्या चित्रातही घडते. चित्रात तो भाग मूक दिसतो.

या मौनाचा अर्थ शस्त्रवैद्य काय लावणार? येथे वाचेचे केंद्र नाही, तेव्हा येथे सुरी चालविण्यास हरकत नाही, असा अर्थ त्याने लावला तर त्याचे परिणाम भयंकर होतील. रस्ता खचल्यामुळे मालाच्या गाड्या एखाद्या वस्तीत पोहोचत नसतील, तर ती वस्ती ओसाड आहे असे अनुमान गच्चीवरील निरीक्षकाने करू नये. आत माणसे राहत असतात.

यावर वापरला जाणारा एक उपाय अत्यंत साधा आहे. रुग्णाला यंत्रात असतानाच पंधरा-वीस सेकंद श्वास रोखून धरावयास सांगतात आणि हे काही वेळा पुन्हा पुन्हा करवितात. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि निरोगी वाहिन्या मज्जापेशींच्या हाकेची वाट न पाहता रुंदावतात. मेंदूच्या ज्या भागात या वेळीही संकेत वाढत नाही, तेथील वाहिन्या निकामी झालेल्या आहेत असे समजावे. त्या भागाच्या मौनावर विश्वास ठेवू नये. येथे लक्षात येईल, की आधी जो श्वास भेसळीचे कारण म्हणून आपण दूर सारला, तोच आता साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचे साधन बनला आहे. अंतिम निर्णय मात्र शस्त्रक्रियेच्या मेजावरच होतो. रुग्णाला जागे ठेवून, मेंदूच्या पृष्ठभागास सौम्य विद्युत्‌प्रवाहाचा स्पर्श करीत, त्याच्याशी बोलत राहून शस्त्रवैद्य सीमा आखून घेतो. प्रवाहाचा स्पर्श होताच रुग्ण शब्दासाठी अडखळला, तर त्या जागेस हात लावावयाचा नाही.

गाठ नसलेल्या माणसांच्या बाबतीतही हा धडा लागू पडतो. वयाबरोबर वाहिन्यांच्या भिंती ताठर होतात. चहा-कॉफीतील कॅफिन मेंदूचा रक्तप्रवाह कमी करते. रक्तातील हीमोग्लोबिन कमी असले तर बोल्ड संकेतही बदलतो, कारण तो संकेत हीमोग्लोबिनवरच उभा आहे. भारताच्या दृष्टीने ही शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा देशात स्त्री-पुरुषांच्या, अथवा गरीब आणि संपन्न वर्गांच्या मेंदूंची तुलना या तंत्राने करताना, दिसणारा फरक मेंदूचा आहे की रक्ताचा, हे आधी तपासून पाहणे आवश्यक आहे. अन्यथा अन्नातील लोहाची उणीव ही बुद्धीची उणीव म्हणून नोंदविली जाण्याचा धोका संभवतो.

समारोप

आपण पाहिले, की मेंदू कधीही निष्क्रिय नसतो. त्याचा बहुतेक खर्च सदैव चालू असलेल्या अंतर्गत कामावर होतो. या कामाच्या चढउतारांमागोमाग रक्ताचे चढउतार येतात, आणि हीमोग्लोबिनच्या चुंबकीय स्वभावामुळे ते यंत्राला दिसतात. दूर असूनही एकत्र काम करणारे प्रदेश विश्रांतीतही एका तालात राहतात, म्हणून त्यांचा नकाशा काढता येतो. जो माणूस बोलू शकत नाही, हलू शकत नाही, त्याच्या मेंदूची हकिकत अशा रीतीने कळू शकते, ही या तंत्राची थोर देणगी होय.

परंतु ही हकिकत मज्जापेशी स्वतः सांगत नाहीत. त्यांच्या वतीने रक्त सांगते. रक्ताची साक्ष मोलाची आहे, पण ती ऐकीव साक्ष आहे. चित्रात एखादा भाग उजळला तर तेथे काही घडत असावे, असे सावधपणे म्हणता येते. तो उजळला नाही म्हणून तेथे काहीच नाही, असे म्हणण्यापूर्वी तेथील वाहिन्यांची परीक्षा घेतली पाहिजे. शिक्षिकेच्या डोक्यातील त्या मूक सेंटीमीटरभर जागेत कदाचित तिचे सारे शब्द साठविलेले असतील.